हायड्रोकोलॉइड पट्टी घरी लावताना: ठाण्यातल्या घराघरांत मला विचारले जाणारे प्रश्न

मी नर्स आहे. ठाण्यात घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते, नौपाड्यातल्या बिनलिफ्टच्या जुन्या इमारतींपासून घोडबंदर रोडच्या टॉवरपर्यंत. पूर्वी हायड्रोकोलॉइडची पट्टी फक्त हॉस्पिटलात दिसायची. आता मेडिकलमध्ये मिळते, ऑनलाइन मागवता येते, त्यामुळे ती घरातली माणसंच लावतात. चांगली वस्तू आहे, पण चुकीच्या जखमेवर लावली तर तितकीच घातक. दारात चपला घालता घालता जे प्रश्न मला विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे सावकाश देते आहे.

ही पट्टी म्हणजे नेमकं काय असतं?

हातात घेतली तर रबरासारखी लवचिक, पिवळसर किंवा कातडीच्या रंगाची चकती. वरच्या बाजूला पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा असतो, त्यातून पाणी आणि जंतू आत जात नाहीत. खालच्या चिकट थरात कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, पेक्टिन, जिलेटिन असे पाणी शोषणारे पदार्थ मिसळलेले असतात. पेक्टिन म्हणजे तेच, ज्याच्यामुळे पेरूची जेली घट्ट होते. जखमेतून लस, म्हणजे पाण्यासारखा स्राव, झिरपली की हे पदार्थ ती शोषून फुगतात आणि जखमेवर मऊ जेल तयार होतं. जेल जखमेला चिकटत नाही, पट्टी चिकटते ती भोवतालच्या कोरड्या कातडीला. म्हणून काढताना गॉजसारखं नवं मांस ओरबाडून निघत नाही.

ड्युओडर्म, कॉमफील ही यातली जुनी नावं. आता इतरही बऱ्याच कंपन्यांच्या पट्ट्या मिळतात. नावापेक्षा पाकिटावर ‘हायड्रोकोलॉइड’ आणि ‘स्टराइल’ (निर्जंतुक) हे दोन्ही शब्द आहेत का, ते पाहा.

जखम उघडी ठेवली की लवकर सुकते, असं आमच्या घरात सगळे सांगतात. मग ही झाकायची कशाला?

सुकणं आणि भरून येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाऱ्यावर ठेवलेल्या जखमेवर खपली धरते, ती आपल्याला बरी वाटते. पण कातडीच्या नव्या पेशींना ओलसर पृष्ठभागावरून सरकत पुढे जायचं असतं. खपली आली की त्यांना तिच्याखालून वाट काढत जावं लागतं आणि वेळ लागतो. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या कातडीवरच्या उथळ जखमांवर हे दाखवून दिलं: झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी कातडी उघड्या जखमांपेक्षा साधारण दुप्पट वेगाने आली. आजची बहुतेक आधुनिक ड्रेसिंग याच विचारातून निघाली आहेत.

शिवाय दुखतं कमी. गुडघा खरचटलेलं पोर पट्टी लावल्यावर पाच मिनिटांत खेळायला पळतं, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

मग कोणत्या जखमेवर लावायची?

उथळ, स्वच्छ आणि लस बेताची असलेल्या. खरचटणं, चपलेने किंवा बुटाने सोललेली टाच, फोड, बेडसोरची (अंथरुणावर पडून राहिल्याने दाबाने होणाऱ्या जखमेची) सुरुवातीची अवस्था. दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी मला हमखास फोन येतात, कुणाचं कोपर सोललेलं, कुणाची नडगी. त्यातली बरीचशी या पट्टीने छान भरतात, फक्त आधी आतली माती नि खडी पूर्ण निघाली पाहिजे. आणि रस्त्यावर पडून झालेली जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. आठवत नसेल तर डॉक्टरांकडे जा.

आणि कुठे अजिबात लावायची नाही?

हे उत्तर घाई न करता वाचा. या पट्टीचा गुण हाच की ती जखम बंद करून ठेवते, आणि तिचा धोकाही त्यातच आहे. आत जे चाललं आहे ते तुम्हाला दिवसेंदिवस दिसत नाही.

पू असलेली, लालबुंद, गरम लागणारी, ठणकणारी जखम या पट्टीखाली झाकायची नाही. खूप पाणी सुटणारी जखमही नाही; पट्टी काही तासांत ओथंबते. खोल जखम, आत पोकळी असलेली, हाड किंवा शीर दिसत असलेली, तीही नाही. काळी कोरडी पडलेली बोटं किंवा टाचेवरचा काळा कडक पापुद्रा असेल तर हात लावू नका. तिथे रक्तपुरवठाच कमी असू शकतो, आणि तो भाग ओला करून मऊ पाडणं म्हणजे जंतूंना दार उघडून देणं. खिळा घुसलेली जखम बाहेरून एवढीशी दिसते, पण खोल असते. ती बंद करू नका.

कुत्रा किंवा मांजर चावलं, ओरखडलं, तर पट्टी शोधत बसूच नका. नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी हॉस्पिटल गाठा. ठाणे महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय बहुतेकांना माहीत आहे. नाहीतर जवळचं जे असेल ते.

बाबांना शुगर आहे. पायाच्या बोटाला छोटीशीच जखम आहे. लावली तर चालेल का?

डॉक्टरांनी पाय पाहून सांगितल्याशिवाय नाही.

माझ्या सख्ख्या मामांची गोष्ट सांगते. मीच त्यांच्यासमोर या पट्टीचं कौतुक केलं होतं. नव्या चपलेने अंगठ्याशेजारचं बोट घासलं, तेव्हा त्यांनी मेडिकलमधून एक आणली, लावली आणि ‘आठवडाभर काढायची नाही’ हे माझंच वाक्य मनाशी धरून गप्प बसले. दुखत काहीच नव्हतं, कारण वीस वर्षांच्या मधुमेहाने पायाची संवेदनाच गेली होती. सहाव्या दिवशी मी सहज गेले, तर मोजा घट्ट झालेला. काढला तर लाली घोट्यापर्यंत चढलेली. ते बोट वाचलं नाही. मी कौतुक केलं तेव्हा ‘पण मामा, तुमच्या पायाला नाही’ एवढे पाच शब्द बोलायला हवे होते. म्हणून आता ते प्रत्येक घरात बोलते.

मधुमेहात पायाचा रक्तपुरवठा, संवेदना आणि जंतुसंसर्ग हे तिन्ही आधी पाहावं लागतं. कधी कधी डॉक्टर निवडक जखमेवर ही पट्टी देतातही, पण मग ती लवकर लवकर उघडून पाहायची असते. पायावर व्हेरिकोज व्हेन्सची (फुगलेल्या शिरांची) जुनी जखम असणाऱ्यांनी आणि चालताना पोटऱ्या भरून येणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांकडूनच तपासून घ्यावं.

लावायची पद्धत सांगाल का?

हात साबणाने धुवा. जखम नॉर्मल सलाईनने, म्हणजे निर्जंतुक मिठाच्या पाण्याने, धुवा. शंभर मिलीची छोटी बाटली घ्या, म्हणजे उघडलेली बाटली दिवसच्या दिवस पडून राहत नाही. सलाईन नसेल तर उकळून गार केलेलं पिण्याचं पाणी चालतं. डेटॉल, सॅव्हलॉन, हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकी काही ओतू नका. ते जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतात. कापूस वापरू नका, त्याचे धागे आत राहतात. गॉजचा तुकडा घ्या.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग: भोवतालची कातडी पूर्ण कोरडी करा. पावसाळ्यात ठाण्यात अंगावरचा घामच सुकत नाही, म्हणून पंख्याखाली दोन मिनिटं थांबा. तेल, पावडर, क्रीम काहीही नको. केस असतील तर कात्रीने बारीक करा, वस्तरा फिरवू नका.

पट्टी जखमेच्या कडेपासून सगळीकडून दोन ते तीन सेंटिमीटर बाहेर आली पाहिजे. जखम दोन सेंटिमीटरची असेल तर पट्टी किमान सहा-सात सेंटिमीटरची हवी. लोक पैसे वाचवायला जखमेएवढीच कापतात आणि ती दुपारपर्यंत सुटते. कापलीच तर कोपरे गोल कापा, टोकदार कोपरे चादरीला अडकून उचलले जातात. लावण्याआधी पाकीट न उघडता दोन्ही तळहातांमध्ये मिनिटभर धरा. ऊब मिळाली की चिकटा मऊ होतो. मग कागद सोलून, न ताणता, एका बाजूने घडी न पडू देता बसवा आणि वरून तळहात अर्धा ते एक मिनिट ठेवून द्या. शेवटी पट्टीच्या कडेवर पेनाने तारीख लिहा. घरात तीन माणसं आळीपाळीने सेवा करत असतील, तर या तारखेवाचून गोंधळ होतोच.

किती दिवसांनी बदलायची?

साधारण तीन ते पाच दिवसांनी. फार तर सात, आणि तेही जखम शांत असेल तर. आतलं जेल वरून पांढरट फुग्यासारखं दिसतं; तो फुगा पट्टीच्या कडेच्या जवळ आला की बदला. कड सुटली, बाहेर गळलं, संडासची घाण लागली तर त्याच वेळी बदला.

आणि रोज उघडून पाहू नका! ज्या घरी मी सोमवारी पट्टी लावते तिथे मंगळवारी सासूबाई, बुधवारी सूनबाई नि गुरुवारी पुण्याहून आलेली मुलगी, असं तिघींनी ‘जरा बघते’ म्हणून कड उचललेली असते. दर वेळी जखम गार पडते, नवी कातडी दुखावते आणि जंतूंना वाट मिळते. लावण्याआधी जखम दहा वेळा पाहा. लावल्यावर तिला तिचं काम करू द्या.

पट्टी काढली तर आत पिवळं-तपकिरी, चिकट, वास मारणारं काहीतरी होतं. पू झाला का?

सगळ्यात जास्त फोन याचेच. एकदा वर्तकनगरमधून रात्री अकराला एका सूनबाईंचा फोन आला, आवाज थरथरत होता: “सिस्टर, आईंच्या कमरेत केवढा पू झालाय!” मी व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. पट्टीच्या आतल्या बाजूला गुळाच्या पातळ पाकासारखा चिकट थर, जखमेवरही तोच. मी म्हटलं, सलाईनने धुऊन घ्या आणि पुन्हा दाखवा. धुतल्यावर खाली गुलाबी, ओलसर, डाळिंबाच्या दाण्यांसारखं मांस चमकत होतं. पू नव्हताच, पट्टीचंच विरघळलेलं जेल होतं. त्याला थोडा उग्र, आंबूस वास असतोच.

म्हणून नियम साधा आहे: धुण्याआधी निकाल देऊ नका. धुतल्यावर वास गेला, लाली नाही, ठणका नाही, तर ते जेल. धुतल्यावरही घाण वास येतो, जखमेतून पुन्हा पिवळा-हिरवा स्राव येतो, कडेची लाली पसरते, दुखणं वाढतं, तर तो संसर्ग. मग नवी पट्टी लावू नका. साधं गॉज ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

पट्टी बंद असताना आत चिघळलं तर कळणार कसं?

पट्टीच्या बाहेर पाहा. कडेपलीकडची कातडी लाल, गरम, सुजलेली होते. शांत झालेली जखम पुन्हा ठणकू लागते. शंका आली तर लालीच्या कडेने पेनाने रेघ मारा आणि तीन-चार तासांनी पाहा. लाली रेघेबाहेर गेली, किंवा १००.४ फॅरनहाइट वा त्याहून जास्त ताप आला, थंडी वाजली, लाल रेषा वर चढताना दिसली, तर पट्टी काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. म्हातारी माणसं तापाआधी गोंधळतात, बरळतात, जेवण सोडतात. ते दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

दोन वेळा बदलल्यावर जखम आधीपेक्षा मोठी दिसते आहे.

सुरुवातीला असं होऊ शकतं. ओलाव्याने आतला मेलेला पापुद्रा विरघळून निघतो आणि खरी जखम किती आहे ते दिसतं. तळ गुलाबी-लाल असेल तर घाबरू नका. पण दर बदलाला मोबाइलवर शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, मोजपट्टीच म्हणते मी. दोन आठवड्यांत कडा आत येताना दिसल्या नाहीत तर उपचार बदलायला हवा आहे.

आंघोळ, पाऊस, साचलेलं पाणी?

आंघोळ चालते. घासू नका, नंतर टिपून कोरडं करा. बादलीत पाय बुडवून ठेवणं, पोहणं नको, कडा सुटतात.

साचलेल्या पाण्याचं मात्र वेगळं. जुलैत सखल भागात गुडघाभर पाणी भरतं आणि लोक मला म्हणतात, “वॉटरप्रूफ आहे ना?” त्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं, आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेतून शरीरात जातात. या पट्टीच्या भरवशावर त्या पाण्यात उतरू नका. उतरावंच लागलं, तर घरी येऊन पट्टी काढा, पाय साबणाने धुवा आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळीचं विचारा. तीन दिवसांपलीकडे तर अजिबात थांबू नका.

आजी अंथरुणाला खिळल्या आहेत. माकडहाडावर लाल झालंय. पट्टी लावली की झालं ना?

नाही. बेडसोर होतो तो दाबाने, आणि दाब काढल्याशिवाय जगातली कोणतीही पट्टी तो बरा करत नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदला, टाचा उशीने अधांतरी ठेवा, वर सरकवताना ओढू नका, दोघांनी चादरीसकट उचला. ब्युरोकडून सेवेला ठेवलेली मावशी रात्री असेल तर तिलाही हे हाताने करून दाखवा, नुसतं सांगून होत नाही.

लाल जागेवर बोट दाबून पाहा. दाबल्यावर पांढरी होत नसेल तर बेडसोर सुरू झाला आहे. कातडी शाबूत असेल किंवा वरचा पापुद्राच गेला असेल, तर पट्टी घासण्यापासून आणि लघवीच्या ओलाव्यापासून चांगली राखण करते. खड्डा पडला असेल, तळ पिवळा किंवा काळा असेल, तर घरगुती प्रयोग थांबवा.

पट्टीखाली हळद किंवा मलम लावू?

नको. मलमाने पट्टी चिकटत नाही, हळदीने जखमेचा रंग कळत नाही आणि तिची पूड निर्जंतुक नसते. टूथपेस्ट, चुना, कॉफी पावडर, हे तर मुळीच नाही.

काढताना कातडी सोलली जाते.

वर ओढता म्हणून. एक कोपरा सुटा करा आणि पट्टी कातडीला समांतर, बाजूला ताणा, जणू रबर ओढतो आहोत. दुसऱ्या हाताने कातडी दाबून धरा. चिकटा पकड सोडत जातो. फारच घट्ट असेल तर कडेला कोमट पाणी सोडा. वयस्कांची, स्टिरॉइड घेणाऱ्यांची कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ झालेली असते, तिथे ही पट्टी टाळलेलीच बरी.

कडेची कातडी पांढरी, भिजल्यासारखी झाली आहे. किंवा लाल होऊन खाजते.

पांढरी म्हणजे ओलावा जास्त झाला: लवकर बदला, किंवा ही जखम या पट्टीची नाही. पट्टीच्या आकाराचाच लाल चौकोन आणि त्यात खाज, बारीक पुरळ, म्हणजे चिकट्याची ॲलर्जी. काही पट्ट्यांच्या चिकट्यात राळेपासून बनवलेला पदार्थ असतो, तो काहींना सोसत नाही. बंद करा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना, नर्सला तसं सांगा.

आम्ही शाकाहारी आहोत. यात प्राण्यांचं काही असतं का?

बऱ्याच पट्ट्यांत जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासून काढतात, डुकराचं किंवा गाईगुरांचं. जैन, मुस्लिम, माळकरी, अनेक घरांत हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे आणि तो विचारण्यात संकोच नको. जिलेटिन नसलेल्या पट्ट्याही असतात. पाकिटावर लिहिलेलं नसेल तर कंपनीला विचारा. मी तर लावण्याआधीच सांगते. अंगावर काय लावलं जातंय ते माणसाला माहीत असलंच पाहिजे.

उरलेला अर्धा तुकडा ठेवून देऊ?

उघड्या जखमेसाठी नाही. पाकीट फोडलं की तो स्टराइल राहत नाही. न फोडलेली पाकिटं गॅसजवळ, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, चिकटा वितळून कडेने बाहेर येतो.

वारीला किंवा वर्षा मॅरेथॉनला जाताना टाचेला आधीच लावून ठेवू?

हो, हा उत्तम उपयोग आहे. घासणाऱ्या जागी आदल्या रात्री लावा, म्हणजे घट्ट बसते. फोड आलाच तर फोडू नका, वरून पट्टी लावा आणि ती आपोआप सुटेपर्यंत ओढू नका, नाहीतर फोडाची कातडी तिच्याबरोबर येते. २०२० साली पीपीई किटमध्ये तासन्‌तास मास्क लावून आमची नाकं सोलली होती, तेव्हा याच पट्टीच्या पातळ चिंध्या नाकाच्या हाडावर लावून आम्ही ड्युटी केली. मास्क नीट बसतो ना, ते मात्र दर वेळी तपासायचो.

भाजलं तर?

आधी वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, बर्फ नको. लालसर, छोटं, उथळ भाजणं असेल तर नंतर पट्टी चालते. आपल्या तळहातापेक्षा मोठं, चेहरा, सांधे, हात किंवा जननेंद्रियांवरचं, पांढरट-कातड्यासारखं किंवा दुखतच नसलेलं भाजणं हॉस्पिटलचं आहे.

चिखल्यांवर? नागिणीवर? पिंपलवर?

चिखल्यांवर नाही, बुरशीला बंद ओलावाच हवा असतो. नागिणीवर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. पिंपलसाठी पातळ ठिपक्यांसारख्या वेगळ्या पट्ट्या मिळतात. तोंड फुटलेल्या पिंपलवर रात्रभर लावल्या तर चालतात आणि मुली ते सतत खाजवत नाहीत.

वापरलेल्या पट्टीचं काय करायचं?

आतल्या बाजूने दुमडा, वर्तमानपत्रात गुंडाळा, वरून लाल पेनाने खूण करा आणि घंटागाडीवर वेगळी द्या. ओल्या कचऱ्यात टाकू नका. कचरा वेगळा करणारे हात उघडे असतात.

जखम भरली हे कसं ओळखायचं?

पट्टी काढल्यावर आत जेल नसतं, पट्टी कोरडी निघते आणि खाली पातळ, चमकदार, गुलाबी कातडी अखंड दिसते. मी त्यानंतरही एक शेवटची पट्टी चार दिवस ठेवते, विशेषतः टाचेवर नि माकडहाडावर, कारण ती कातडी अजून कोवळी असते. मग पट्टी बंद. थोडं खोबरेल तेल हलक्या हाताने लावा, ऊन लागू देऊ नका, आणि काही आठवडे तिथे घट्ट चप्पल किंवा इलॅस्टिक येणार नाही एवढं पाहा.